चुकलेले नाणे: कशाला मोल, कशाला नाही

"हे नाणे तुमच्या घरात असेल तर तुम्ही लखपती झालात," असे सांगणारे व्हिडिओ आता प्रत्येक मोबाईलवर येऊन पोचले आहेत. कधी त्यात दोनदा छापल्यासारखे दिसणारे साल असते, कधी एका बाजूला सरकलेला छाप, तर कधी ७८६ आकडा असलेली दहाची नोट. व्हिडिओ पाहून झाला की घरात शोध सुरू होतो. पानदानात, जुन्या संदुकीत, दादीच्या बटव्यात काही ना काही सापडतेच. मग ते दाखवायचे कोणाला, हा प्रश्न येतो. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे जुन्या नाण्यांवरची फारसी अक्षरे वाचून घ्यायला पालक आमच्याकडे पूर्वीपासून येतात. आता त्या जुन्या नाण्यांच्या सोबतीने ही 'एरर कॉइन'ही येऊ लागली आहेत.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चुकलेल्या नाण्याला खरोखर मोल असते आणि त्यासाठी चांगले पैसे मोजणारे संग्राहक जगात आहेत, भारतातही आहेत. पण चूक म्हणजे काय, ती कोठे व्हायला हवी आणि कोणत्या चुकीला गिऱ्हाईक असते, हे समजून न घेतल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काही घरांतून मोलाचे नाणे वजनावर मोडीत जाते. आणि काही घरांत बिनमोलाच्या नोटेच्या आशेने गाठीचा पैसा जातो. दुसरा प्रकार आपल्या जिल्ह्यात जास्त घडतो आहे, म्हणून हा लेख.

नाणे घडते कसे?

चूक समजून घ्यायची तर आधी नाणे कसे तयार होते ते पाहावे लागेल. आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टांकसाळी आहेत. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेसमोर असून तिची इमारत १८२९ साली पूर्ण झाली. नाणे कोठे पाडले ते सालाखालच्या बारीक खुणेवरून कळते. मुंबईची खूण चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

नाण्याला छाप देणाऱ्या पोलादी ठशाला 'डाय' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे सोनारालाही माहीत आहे. खामगावच्या चांदी बाजारात पैंजणाचे आणि करंड्याचे नक्षीकाम डायवरच उठते. टांकसाळीतली पद्धत तत्त्वाने तीच, फक्त बारकाई फार. आधी नाण्याची उठावदार आकृती असलेला एक मूळ ठसा बनवतात, त्याला 'हब' म्हणतात. हा हब नरम केलेल्या पोलादाच्या दांड्यावर प्रचंड दाबाने दाबला की त्या दांड्यावर खोलगट, उलटी आकृती उमटते. तो झाला डाय. पुढे डाय भट्टीत कडक करून यंत्रात बसवतात. खाली एक डाय, वर एक डाय आणि मध्ये धातूची कोरी चकती. यंत्राचा एक ठोका पडला की चकतीचे नाणे होते. डायच्या एका जोडीतून अशी हजारो, लाखो नाणी निघतात.

म्हणजे चूक तीन ठिकाणी होऊ शकते. चकती तयार करताना, डाय तयार करताना आणि ठोका मारताना. संग्राहक नाणे हातात घेतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतात की ही चूक यांपैकी कोणत्या पायरीवर झाली असेल? ज्या चुकीला या तिन्हींत जागा सापडत नाही, ती टांकसाळीबाहेर झालेली आहे, आणि तिला मोल नाही.

डबल डाय म्हणजे काय?

आता त्या दोनदा छापलेल्या सालाकडे येऊ. हब एकदा दाबला की दाबाने पोलाद कडक होते आणि आकृती पूर्ण उमटत नाही. म्हणून पूर्वी डाय पुन्हा तापवून नरम करीत आणि हब दुसऱ्यांदा दाबत. दुसऱ्या वेळी तो अगदी पहिल्या जागीच बसायला हवा. केसभर जरी फिरला, तरी डायवर अक्षरांची दुहेरी आकृती कोरली जाते. यालाच 'डबल डाय' म्हणतात. येथे चूक डायमध्येच आहे, म्हणून त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण, त्याच जागी, तेवढेच दिसते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटच्या नाण्याचा असा एक डाय वापरात गेला. चूक लक्षात येईपर्यंत त्याची हजारो नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती. निवडत बसण्यापेक्षा ती तशीच जाऊ द्यावीत असे ठरले आणि वीस हजारांच्या वर चुकीची नाणी बाजारात गेली असे मानले जाते. त्यातली बरीचशी लोकांना सिगारेटच्या पाकिटात मिळाली. यंत्रात २५ सेंटचे नाणे टाकून २३ सेंटचे पाकीट घ्यायचे, म्हणून सुटे दोन सेंट पाकिटावरच्या कागदातच घातलेले असत. त्या नाण्यावरचे साल आणि 'लिबर्टी' हा शब्द भिंग न लावताही दुहेरी दिसतो. आज चांगल्या स्थितीतल्या अशा एका नाण्याला हजार डॉलरहून अधिक किंमत येते.

याच १९५५ सालच्या सेंटची दुसरी एक जात आहे. तिच्यात सालातला फक्त शेवटचा ५ जरा दुहेरी दिसतो. अमेरिकन लोक तिला गरिबाचे डबल डाय म्हणून ओळखतात. येथे डाय चुकलेला नव्हता, वापरून वापरून झिजला होता, आणि झिजलेल्या डायमुळे आकड्याची कड पसरली होती. हे नाणे एखाद-दोन डॉलरला मिळते. दोन्ही नाण्यांचे साल एक, देश एक, दिसायला दोघेही 'डबल'. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, कारण एकाच्या चुकीची जागा पक्की ठरवता येते आणि दुसरे झिजेचा परिणाम आहे.

तिसराही एक प्रकार आहे आणि आमच्यासमोर आलेली बहुतेक 'डबल' नाणी त्याच जातीची होती. यंत्रात डाय थोडा ढिला झाला की ठोका पडल्यावर तो किंचित सरकतो आणि ताज्या अक्षराची बाजू दाबून टाकतो. तेथे पायरीसारखा सपाट पट्टा तयार होतो. याला यंत्राचे दुहेरीपण म्हणतात. ते फार सामान्य आहे, म्हणून त्याला जवळजवळ किंमत नाही.

हा फरक घरी ओळखता येतो. दहा पट दाखवणारे भिंग घ्या आणि नाणे तिरक्या उजेडात धरा. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरे गोलसर आणि सारख्या उंचीची असतात, अक्षर एकूण जाड दिसते आणि त्याच्या टोकांना दुभंगलेली खाच दिसते. यंत्राच्या दुहेरीपणात दुसरी रेघ सपाट आणि खालच्या पातळीवर असते आणि मूळ अक्षर बारीक झालेले दिसते. शक्य असेल तर त्याच सालाची, त्याच टांकसाळीची आणखी नाणी जमवून पाहावीत. नेमके तेच दुहेरीपण दुसऱ्या नाण्यावरही आढळले तर चूक डायमध्ये असल्याची शक्यता वाढते.

किंमत ठरते कशावर?

संग्राहक चार गोष्टी पाहतात. पहिली, चूक टांकसाळीतच झाली याची खात्री. दुसरी, अशी नाणी किती आहेत. तिसरी, चूक किती ठळक आहे. भिंगातूनच दिसणाऱ्या चुकीपेक्षा हातभर अंतरावरून दिसणाऱ्या चुकीला गिऱ्हाईक जास्त. चौथी, नाण्याची स्थिती. खिशात वीस वर्षे घासलेले नाणे आणि टांकसाळीची चमक टिकलेले नाणे यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो.

यांच्या जोडीला एक पाचवी गोष्ट असते, ती म्हणजे मागणी. दुर्मिळ असूनही ज्याला कोणी विचारत नाही त्या वस्तूला किंमत येत नाही. १९५५ च्या सेंटला भाव येतो, कारण त्या नाण्याचा वर्षावार संच करणारे असंख्य लोक आहेत आणि त्या प्रत्येकाला संचातली ती एक जागा भरायची आहे. आपल्या देशात चुकीच्या नाण्यांचे संग्राहक वाढत आहेत, पण डोळ्यांना चटकन दिसणाऱ्या चुका त्यांना अधिक आवडतात. त्या कोणत्या, ते थोडक्यात पाहू.

छाप सरकून अर्धी चकती कोरी राहिलेले नाणे, त्यावर साल दिसत असेल तर अधिक चांगले. चकती कापताना यंत्र आधीच्या भोकावर पडल्याने चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेले नाणे. दहा रुपयांच्या नाण्यात मधली पांढरी चकती सरकून बसलेली. छाप आणि काटा एकमेकांशी न जुळणारे नाणे: आपले रुपयाचे नाणे सरळ धरून उजवीकडून डावीकडे पलटले तर मागची बाजूही सरळ दिसायला हवी. ती आडवी किंवा उलटी दिसली तर ठोक्याच्या वेळी एक डाय फिरलेला होता.

आणि एक 'लाखी'. हा शब्द आपल्याकडच्या संग्राहकांचा आहे. तयार झालेले नाणे कधी वरच्या डायला चिकटून राहते. खाली नवी चकती येते आणि डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच छाप तिच्यावर पडतो. परिणामी नव्या नाण्याच्या एका बाजूला उठावदार आकृती असते आणि दुसऱ्या बाजूला तीच आकृती आरशातल्यासारखी उलटी आणि खोल गेलेली. असे नाणे घरात ठेवले की लाखो रुपये येतात, असा समज काही लोक पसरवतात. त्या समजाला काही आधार नाही. नाण्याला किंमत आहे ती यंत्राच्या त्या दुर्मिळ अडखळण्यामुळे.

१९११ चा रुपया

आपल्या घरांशी जवळचे नाते असलेले एक चुकीचे नाणे मात्र वेगळ्याच जातीचे आहे. १९११ साली पंचम जॉर्ज राजाच्या चित्राचा चांदीचा रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर एका राजचिन्हाची माळ होती आणि त्यात हत्ती कोरलेला होता. पण कोरणाऱ्याच्या हातून हत्तीची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत नाराजी पसरली. ज्या नाण्याने मजुरी घ्यायची, मेहर द्यायचा, मशिदीला चंदा द्यायचा, त्यावर ही आकृती कशी चालेल? सरकारने नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यातले सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती पोचले होते, आणि उरलेले वितळवले गेले. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा कोरला गेला. संग्राहकांत हा रुपया 'पिग रुपी' या इंग्रजी नावाने ओळखला जातो.

येथे यंत्र चुकले नाही, डाय फिरला नाही. चूक चित्रात होती, आणि दुर्मिळता आली ती नाणी वितळवल्यामुळे. त्यामुळे १९११ चा रुपया त्याच राजाच्या पुढच्या सालांच्या रुपयांहून महाग विकला जातो.

आपल्या जिल्ह्यात हे सांगण्याला खास कारण आहे. खामगावला चांदीची बाजारपेठ मोठी, त्यामुळे घरातले जुने चांदीचे रुपये मोडायला लोक तेथे जातात. इंग्रजी अमलातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि १९३९ पर्यंत त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० पासून चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा आहे. मोड देताना सोनार वजन आणि शुद्धता पाहतो, साल पाहणे त्याचे काम नाही. ते आपले काम आहे. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी रुपये मोडावे लागले तर मोडावेत, पण त्याआधी प्रत्येकावरचे साल एकदा वाचावे आणि १९११ चा रुपया बाजूला काढून ठेवावा.

हाताने पाडलेली नाणी

शेत नांगरताना, जुने घर पाडताना सापडलेली नाणी घेऊन येणाऱ्यांचा मोठा गैरसमज वेगळाच असतो. त्या नाण्यांवर अक्षरे दुहेरी दिसतात, अर्धी तुटलेली असतात, छाप एका कडेला गेलेला असतो. 'सर, हे तर पूर्ण एरर आहे!' असे पालक मोठ्या आनंदाने म्हणतात.

पण ही नाणी यंत्राची नाहीतच. कारागीर चकती ठशावर ठेवून वरून हातोड्याने घाव घालीत असे. घाव घालताना ठसा उसळला की अक्षर दोनदा उमटे. ठसा चकतीहून मोठा असल्याने काही मजकूर नाण्याबाहेरच जाई. त्या काळाची ती नेहमीची रीत होती. म्हणून हाताने पाडलेल्या नाण्यावरच्या दुहेरी अक्षराला संग्राहक सहसा जादा दाम देत नाहीत, उलट ठसा पूर्ण आणि स्वच्छ उमटलेल्या नाण्याला देतात. तांब्याच्या शिवराईची गोष्टही अशीच. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असा तिचा मजकूर. वेगवेगळ्या कारागिरांनी तो वेगवेगळ्या पद्धतीने कोरला, त्यामुळे शिवराईवर शुद्धलेखनाचे अनेक नमुने सापडतात. अभ्यासक त्या फरकांची यादी ठेवतात, कारण त्यावरून ठसे आणि काळ ओळखायला मदत होते.

आपला जिल्हा मोगल काळात वऱ्हाड सुभ्यात होता. मलकापूरच्या वरच्या बाजूला बुऱ्हाणपूर, पूर्वेला एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, या दोन्ही ठिकाणी टांकसाळी होत्या. औरंगाबादच्या टांकसाळीच्या नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असे नाव येते. उर्दू वाचता येणाऱ्या घरांनी नाण्यावर 'ज़र्ब' हा शब्द शोधावा. त्याच्यालगत टांकसाळीचे नाव असते. 'जुलूस' या शब्दाजवळ बादशहाच्या गादीवर बसण्यापासूनचे वर्ष असते आणि चार आकडी साल असेल तर ते हिजरी असते. नाण्यावर ११८० दिसले म्हणजे ते साडेआठशे वर्षांपूर्वीचे नव्हे. हिजरी ११८० म्हणजे इसवी सन १७६६-६७. हा एवढा हिशेब माहीत नसल्यामुळे काही घरांत पेशवाईच्या काळातले नाणे आठशे वर्षांचे समजून जपले जाते.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या मोगल बादशहांच्या नाण्यांवर कलमा असे. औरंगजेबाने तो नाण्यावर छापणे बंद केले, कारण नाणे कोणाच्याही हातात, कोठेही जाते आणि त्यात बेअदबी होते. त्यामुळे त्याच्या नंतरच्या काळाचे म्हणून दाखवलेल्या मोगल नाण्यावर मोठ्या अक्षरांत कलमा दिसला तर ते नाणे जाणकाराला दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मक्का-मदिनेचे चित्र असलेल्या तांब्या-पितळेच्या चकत्या, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल घालून देवदेवतांची चित्रे काढलेल्या चकत्या, ही तर चलनी नाणी कधीच नव्हती. कंपनीने अशी नाणी काढलेली नाहीत.

७८६ ची नोट

आता सर्वांत नाजूक विषय. आमच्याकडे सर्वाधिक विचारणा ७८६ च्या नोटेची होते. तो आकडा अनेक घरांत आदराने जपला जातो, म्हणूनच फसवणारेही तोच निवडतात.

सातवीच्या मुलांकडून आम्ही याचे गणित करून घेतले. नोटेवर आरंभीच्या अक्षरांनंतर सहा आकडी क्रमांक असतो. सहा आकडे म्हणजे दहा लाख क्रमांक. त्यात ७८६ हे आकडे सलग चार ठिकाणी बसू शकतात: अगदी सुरुवातीला, एक घर सोडून, दोन घरे सोडून किंवा शेवटी. प्रत्येक ठिकाणी एक हजार क्रमांक होतात, म्हणजे चार हजार. त्यात ७८६७८६ हा एक क्रमांक दोनदा मोजला जातो, तो वजा केला की ३९९९ उरतात. दहा लाखांत चार हजार, म्हणजे अडीचशे नोटांमागे साधारण एक. शंभर नोटांच्या तीन बंडलांइतक्या सुट्या नोटा एखाद्या दुकानदाराच्या हाताखालून गेल्या की त्यात ७८६ ची एक नोट असण्याचा संभव बराच आहे. मुलांनी हिशेब पुरा केला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग हे दुर्मिळ कसे?" तिच्या प्रश्नातच उत्तर आहे.

आणि ही चूकही नाही. क्रमांक जेथे यायचा तेथेच आला आहे. हौसेखातर अशा नोटेचे दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देणारे लोक आहेत, पण लाखांचा सौदा ही थाप आहे. २०१२ साली निघालेली माता वैष्णोदेवीच्या चित्राची ५ आणि १० रुपयांची नाणी, परदेशी टांकसाळीत पाडून आणलेली आणि वेगळी खूण असलेली आपली नाणी, यांनाही असेच 'एरर' म्हणून खपवले जाते. त्यांत चूक कसलीच नाही.

आमच्याच तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. आई शिवणकाम करते, वडील हमाली. घरात ७८६ ची दहाची नोट होती. मोबाईलवर जाहिरात पाहून मुलाने तिचा फोटो पाठवला. लगेच फोन आला, नोटेचे साडेचार लाख ठरले. मग 'नोंदणी'चे पैसे मागितले, ते दिले. मग 'जीएसटी', मग 'ना हरकत दाखला'. रिझर्व्ह बँकेचे चिन्ह असलेला एक कागदही मोबाईलवर आला. भिशीचे सात हजार चारशे रुपये गेल्यावर तो नंबर बंद झाला. ती नोट अजून त्यांच्याकडेच आहे. "पैशांपेक्षा आकड्याचं वाईट वाटतं, सर. त्या आकड्यामुळेच आम्ही त्यांच्यावर भरवसा ठेवला," असे त्या माऊलीने आम्हाला सांगितले.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. हे तीन मुद्दे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मोबाईल वापरणाऱ्या मुलांना, पाठ असायला हवेत. वस्तू विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, त्याला आधी पैसे भरायला सांगणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

घरी नाणे सापडले तर

सर्वांत आधी, नाणे घासू नका. चिंच, राख, पितांबरी यांनी भांडी उजळतात, नाण्याचा वरचा थर मात्र निघून जातो आणि त्याबरोबर किंमतही जाते. ओले असेल तर कोरडे करा, कडेने धरा, कागदी पाकिटात ठेवा.

मग वजन करा. सोनाराच्या काट्यावर ते सहज होते. २०११ च्या मालिकेतले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आणि ७.७१ ग्रॅम वजनाचे, त्याच मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा. हातोड्याने ठोकून, पक्कडमध्ये दाबून, कानशीने घासून 'एरर' तयार करणारे पुष्कळ आहेत. घासलेल्या नाण्याचे वजन घटलेले असते, ठोकलेल्या नाण्यावरची अक्षरे चेपलेली दिसतात. टांकसाळीच्या चुकीत अक्षर कमी उमटते किंवा दोनदा उमटते, चेपत नाही.

जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर कायदा वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवून विकले तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईकाच्या नावाने आलेल्या फोनपासून दुप्पट सावध राहावे.

जाणून घेण्याची हौस असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, तेथे विदर्भात सापडलेली नाणी आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. मुलांना सहलीला नेताना ही ठिकाणे लक्षात ठेवावीत. आणि सुट्टीच्या दिवशी घरातला गल्ला सतरंजीवर ओतून मुलांना भिंग द्यावे. सालाखालची खूण कोणती, छाप-काटा जुळतो का, अक्षर खरेच दुहेरी आहे की झिजले आहे, हे त्यांना शोधू द्यावे. त्यात मोलाचे नाणे निघेल न निघेल, पण पुढच्या वेळी 'लखपती व्हा' असा व्हिडिओ आला तर तेच मूल विचारील की ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या पायरीवर झाली? घरातल्या भिशीचे राखण करायला तो एक प्रश्न पुरेसा आहे.